अहिल्याबाई होळकर आणि जामघाटाची वाट

अहिल्याबाई होळकर यांचें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? पांढरें वस्त्र पांघरलेली व तळहातावर शिवलिंग धरलेली त्यांची मूर्ति लहान मुलाच्याहि डोळ्यांपुढें सहज उभी राहते. परंतु इतक्या प्रसिद्ध व्यक्तीच्या बाबतींत एक चमत्कारिक गोष्ट घडते. पुण्यश्लोक ही पदवी कानीं पडतांच आपण हात जोडतों आणि पुढें चालूं लागतों. त्यांनीं नेमकें काय केलें, कोठें केलें, आणि तें तेथेंच कां केलें, हें पाहावयास थांबत नाहीं. या लेखांत आम्ही त्यांच्या चरित्राच्या एकाच अंगापाशीं अधिक वेळ रेंगाळणार आहों. तें अंग म्हणजे डोंगर, कातळ, नदीचें पात्र अशा अवघड जागीं येणाऱ्याजाणाऱ्यांसाठीं त्यांनीं करविलेलें बांधकाम.

आपलें तळेगांव श्यामजी पंत हें नागपूर-अमरावती रस्त्यावरचें गांव. जवळच सत्याग्रही घाट आहे, आणि आष्टीच्या बाजूस सातपुड्याचे लहानमोठे फांटे पसरलेले आहेत. घाटाची चढण भरल्या गाडीच्या बैलांना किती जड जाते व वैशाखांत माळावर पाण्याचा एक घोट किती महाग पडतो, हें आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींना सांगावयास नको. म्हणून ही हकीगत दूरच्या मुलुखांतील असली तरी परकी वाटूं नये, असा आमचा भरंवसा आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजीं चौंडी या लहानशा गांवीं झाला. हें गांव जामखेड तालुक्यांत, पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे. वडील माणकोजी शिंदे हे गांवचे पाटील होते. घराणें फार मोठें नव्हे. पण मुलीला लिहिण्यावाचण्यापुरतें शिकविण्याइतकी दृष्टि माणकोजींजवळ होती, आणि मुलींना अक्षराची ओळखहि होत नसे अशा त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती. (आमच्या पालकवर्गानें हें वाक्य दोनदां वाचावें, अशी आमची इच्छा आहे.) १७३३ सालीं मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि चौंडीच्या पाटलाची मुलगी माळव्याच्या सुभेदारांची सून झाली.

मल्हारराव हे धनगराच्या कुळांत जन्मून तलवारीच्या बळावर वर चढलेले पुरुष. माणूस पारखण्याची त्यांची नजर अचूक होती. सून हुशार आहे हें त्यांनीं लौकरच ओळखलें व वसुलाचे हिशेब, पत्रव्यवहार, दारूगोळ्याची तरतूद अशीं कामें हळूहळू तिच्यावर सोंपविलीं. १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. परंतु मल्हाररावांनीं काकुळतीस येऊन त्यांना परावृत्त केलें. पुढें १७६५ सालीं मल्हाररावांनीं त्यांना धाडलेल्या एका पत्रांत, तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे कूच करावें व मार्गांत रस्त्याच्या रक्षणासाठीं चौक्या बसवाव्या, अशी आज्ञा आहे. चाळीस वर्षांच्या विधवा सुनेला सासऱ्यानें सांगितलेलें हें काम पाहिलें म्हणजे, रस्ता राखल्यावांचून राज्य राखतां येत नाहीं हा धडा बाईंना कोठें मिळाला तें कळतें.

मे १७६६ मध्यें मल्हारराव वारले. त्यांच्या मागून गादीवर आलेले नातू मालेराव, म्हणजे बाईंचे एकुलते एक पुत्र, वर्षाच्या आंतच १७६७ सालीं गेले. आतां घरांत कर्ता पुरुष उरला नाहीं असें पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं दत्तकाचा आग्रह धरला, आणि रघुनाथराव पेशवे फौजेसह माळव्यांत आले. बाईंनीं लढाईची तयारी केली. शिंदे, गायकवाड व नागपूरकर भोसले यांच्याकडे निरोप गेले. स्त्रीशीं लढून जय मिळाला तरी लौकिक नाहीं आणि पराजय झाला तर तोंड दाखवावयास जागा नाहीं, हें ओळखून रघुनाथराव परतले. थोरल्या माधवराव पेशव्यांनीं बाईंचाच कारभार कायम केला. फौजेचें काम तुकोजी होळकरांकडे गेलें, मुलकी कारभार बाईंकडे राहिला, आणि येथून पुढें अठ्ठावीस वर्षें माळव्यांत त्यांचा अंमल चालला.

राजधानीसाठीं त्यांनीं नर्मदेच्या उत्तर तीरावरील महेश्वर हें ठिकाण निवडलें. येथें नदीचें पात्र विस्तीर्ण व कांठ खडकाळ आहे. थोड्याच अंतरावर सहस्रधारा या जागीं काळ्या कातळांतून नर्मदा असंख्य ओहळांनीं फुटून वाहते. अशा नदीच्या कांठीं स्नानासाठीं येणाऱ्या लोकांची सोय करणें सोपें नाहीं. पावसाळ्यांत नर्मदा कित्येक हात चढते व उन्हाळ्यांत तितकीच खालीं जाते. एकाच पातळीवर ओटा बांधला तर तो कांहीं महिने पाण्याखालीं बुडावयाचा व उरलेले महिने पाण्यापासून दूर कोरडा पडावयाचा. म्हणून घाटाला पायऱ्या लागतात. पाणी कोठेंहि असो, कोणती तरी पायरी पाण्याला टेकलेली असतेच. म्हातारीला खडकावरून घसरत खालीं जावें लागत नाहीं, आणि पूर आला तर पाठीमागें चढून जावयास वाट असते. महेश्वरचा घाट किल्ल्याच्या तटापासून असा थेट पाण्यांत उतरला आहे. मधून मधून बुरूज पुढें आलेले आहेत व ते प्रवाहाचा मारा अंगावर घेतात. त्या काळच्या अशा कामांत दगड घडवून बसवीत, आणि सांध्यांत बैलाच्या घाणीवर मळलेला चुना भरीत. दगड काळसर, कांठच्या खडकाच्याच जातीचा; त्यामुळें नावेंतून पाहणाऱ्याला निसर्गाचा खडक कोठें संपला व पाथरवटाचा हात कोठें लागला, हें चटकन् सांगतां येत नाहीं. राणीचा स्वतःचा वाडा मात्र किल्ल्याच्या आंत, लांकडी खांबांचा, साधा. घाटाची भव्यता मनांत घेऊन वाडा पाहावयास गेलेला मनुष्य थोडा गोंधळतोच. ज्यांनीं प्रजेसाठीं इतका पैसा नदीकांठीं ओतला, त्यांनीं स्वतःसाठीं एवढेंच घर कां बांधिलें असेल?

आतां जामघाटाकडे वळूं. महेश्वराहून इंदुराकडे जावयाचें म्हणजे निमाडचा सखल प्रदेश सोडून विंध्याद्रि चढावयाचा. नकाशावर हें अंतर बोटभर दिसतें. परंतु विंध्य दक्षिणेच्या अंगानें भिंतीसारखा उभा आहे, आणि जाम येथें तर चढण जवळजवळ सरळ उभीच आहे. माळव्याचें पठार वर, नर्मदेचें खोरें खालीं, आणि दोहोंच्या मध्यें दाट झाडी व तुटलेले कडे. व्यापाऱ्यांचे बैलांचे तांडे, यात्रेकरू, जासूद, फौजेचें सामान, सर्वांना येथूनच जावें लागे. या जागीं बाईंनीं फार श्रम व फार खर्च करून विंध्यावरून रस्ता काढला, अशी नोंद सर जॉन माल्कम यानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतांत केली आहे. माल्कम हा होळकरांचा आश्रित नव्हता. १८१७ सालीं महिदपूरच्या लढाईंत तो त्यांच्याविरुद्ध लढला होता. बाईंना जाऊन तेव्हां बावीस वर्षें झालीं होतीं. शत्रूच्या मुलुखांत फिरतांना गांवोगांवीं जें ऐकावयास मिळालें तें त्यानें लिहिलें, म्हणून त्याच्या स्तुतीला आम्ही अधिक किंमत देतों.

पण डोंगरांत रस्ता फोडला म्हणजे तो चालूं लागतो असें नाहीं. विंध्यांत भिल्ल व गोंड राहत. हे डोंगर त्यांचे, या वाटा त्यांच्या, आणि वाटेनें जाणाऱ्या मालावर थोडी दस्तुरी घेण्याचा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क आहे असें ते मानीत. खालच्या मैदानांतील लोक याला लूट म्हणत. प्रत्यक्षांत लूटहि पुष्कळ होत असे व प्रवाशांचे प्राणहि जात. बाईंनीं प्रथम गोडीनें सांगून पाहिलें. त्याचा उपयोग होईना तेव्हां कडक शिक्षा केल्या. कांहीं नायकांना प्राणदंडहि झाला. हें आम्ही लपवीत नाहीं, कारण दयाळू म्हणून प्रसिद्ध असलेल्या राज्यकर्त्याच्या चरित्रांतून अशा गोष्टी गाळण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. परंतु बाई तेथेंच थांबल्या नाहींत. जरब बसल्यावर त्यांनीं डोंगरांतील लोकांचा जुना हक्क उघडपणें मान्य केला. डोंगरांतून जाणाऱ्या मालावर ठरलेली लहानशी रक्कम त्यांनीं घ्यावी; तिला भिलकवडी म्हणत. याच्या मोबदल्यांत त्यांनीं पडीक जमीन लागवडीस आणावी, आपल्या हद्दींतील वाट राखावी, आणि तेथें चोरी झाल्यास माल शोधून द्यावा, असा करार झाला. ज्याच्या भीतीनें वाटसरू रात्रीं वाट टाळी, तोच आतां वाटेचा राखणदार झाला.

आमच्या मतें जामघाटाच्या सगळ्या बांधकामांत हा करार हाच पायाचा दगड होय. ओसाड जागीं बाहेरच्यांसाठीं कांहीं उभारतांना बांधणारे बहुधा दगड, पाणी व उतार यांचा विचार करतात. तेथें आधींपासून राहणाऱ्या माणसाचा विचार त्यांच्या मनांत शेवटीं येतो, किंवा येतच नाहीं. मग इमारत सुंदर होते व तिच्याभोंवतीं वैर वाढतें. विंध्यांतील वाटा शांत झाल्या, याचें श्रेय जितकें पहारीला तितकेंच त्या भिलकवडीला दिलें पाहिजे.

घाटमाथ्यावर, जेथें चढण संपते नेमकें तेथें, १७९१ सालीं बाईंनीं बांधविलेला दगडी दरवाजा आहे. त्याला जामदरवाजा म्हणतात. खालीं रस्त्यावर मोठी कमान, आणि वर जिन्यानें चढून गेल्यावर बसाउठावयाची जागा व खिडक्या. या खिडक्यांतून खालचें निमाड दूरवर पसरलेलें दिसतें. दरवाजाला शिखर नाहीं कीं मनोरा नाहीं. डोंगराची कड जशी आडवी व सपाट, तशीच त्याच्या माथ्याची रेघहि आडवी व सपाट धरलेली आहे. उभा चढ चढून आलेल्या मनुष्याला काय हवें असतें? डोक्यावर सांवली, टेकावयास दगड, आणि आतां पुढें चढण नाहीं अशी खात्री. कमानीखालीं पाऊल पडतांच ह्या तिन्ही गोष्टी त्याला मिळतात. उलट बाजूनें, माळव्यांतून येणाऱ्याला उतरण्यापूर्वीं बैलांचें ओझें नीट बांधून घेण्यास व सोबत गोळा होईपर्यंत थांबण्यास हीच जागा. शिवाय वर बसलेल्या पहारेकऱ्याला खालून येणारा तांडा फार आधीं दिसे. चौकी, विसावा व वेस हीं तीन कामें एका इमारतींत मिळून झालीं आहेत, आणि तिन्हींसाठीं डोंगराचा एकहि उंचवटा तोडून सपाट करावा लागलेला दिसत नाहीं.

हा दरवाजा ज्या वर्षीं झाला तें १७९१ सालच बाईंच्या आयुष्यांत सर्वांत कठीण ठरलें. त्यांची कन्या मुक्ताबाई हिचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशीं झाला होता. वाटेवरील चोरांचा बंदोबस्त जो करील त्याला आपली मुलगी देऊं, असें बाईंनीं जाहीर केलें होतें व फणसे यांनीं तें काम पार पाडलें, अशी कथा सांगतात. मुक्ताबाईंचा मुलगा तरुणपणींच वारला, आणि पाठोपाठ १७९१ सालीं यशवंतरावहि गेले. मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. सदतीस वर्षांपूर्वीं सासऱ्याच्या विनवणीनें ज्या स्वतः चितेवरून परत फिरल्या होत्या, त्यांनीं आतां आई म्हणून तीच विनवणी केली. मुलीनें ऐकिलें नाहीं. पति गेला, मुलगा गेला, आज ना उद्यां आईहि जाईल, मग मीं कोणासाठीं जगावें, या तिच्या प्रश्नाला आईजवळ उत्तर नव्हतें. नर्मदेच्या कांठीं चिता पेटली तेव्हां बाईंना दोघांनीं दोन्ही बाजूंनीं धरून ठेवावें लागलें. पुढें तीन दिवस त्यांनीं अन्नास स्पर्श केला नाहीं व कोणाशीं एक शब्दहि बोलल्या नाहींत. सतीची चाल कायद्यानें बंद होण्यास अजून अडतीस वर्षें अवकाश होता. शेंकडों कोसांवरच्या अनोळखी वाटसरूला ज्यांनीं निवारा दिला, त्यांना आपल्या पोटच्या मुलीला घरांत ठेवून घेतां आलें नाहीं. यावर आम्ही अधिक कांहीं लिहीत नाहीं.

दक्षिणेंतहि बाईंच्या कामाच्या खुणा आहेत. वेरूळ येथें घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांच्या सासूबाई गौतमाबाई व त्या स्वतः यांच्या हातून झाला. या देवळाचा खालचा भाग तेथल्या लाल दगडाचा आहे. जवळचें शिवालय तीर्थ म्हणजे चौकोनी कुंड. चारहि बाजूंनीं पायऱ्या खालीं उतरत जातात व पायऱ्यांवर लहान लहान आठ देवळ्या आहेत. वेरूळची सहल करणारे विद्यार्थी लेणीं पाहून दमतात आणि हें कुंड न पाहतांच मोटारींत बसतात. त्यांनीं तसें करूं नये. आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळीं कैलास लेणें डोंगर माथ्याकडून खालीं कोरीत आणून घडविलें, हें आपण भूगोल-इतिहासांत वाचतों. कुंडाची रीतहि तीच, खालीं उतरण्याची. त्या डोंगराळ भागांत पाणी जमिनीच्या वर सांपडत नाहीं. तेव्हां माणसानेंच पाण्याकडे उतरून गेलें पाहिजे, आणि उतरतांना पाय घसरूं नये एवढीच व्यवस्था बांधणाऱ्यानें करावयाची. अशा कुंडाचा एकहि दगड जमिनीच्या फारसा वर येत नाहीं. लांबून पाहणाऱ्याला तेथें कांहीं बांधलें आहे असें वाटतच नाहीं. कांठावर उभें राहिल्यावरच पायाखालीं सगळें बांधकाम उघडें होतें. चांदवड येथेंहि डोंगराच्या पायथ्याशीं खडकांतील रेणुकादेवीचें ठाणें बाईंनीं दुरुस्त करविलें. तेथेंहि देवी खडकांतच राहिली. देवळासाठीं तिला मैदानांत आणलें नाहीं.

काशी, गया, सोरटी सोमनाथ, पुष्कर, द्वारका, जगन्नाथपुरी, रामेश्वर येथील देवळें, घाट, धर्मशाळा व अन्नछत्रें यांची यादी मोठी आहे आणि ती पाठ्यपुस्तकांत सांपडते. त्यांतील काशी विश्वेश्वराचें देऊळ १७८० सालचें व सोमनाथाचें १७८३ सालचें, एवढें लक्षांत ठेवल्यास पुरे. आम्हांस मात्र हिमालयांतील काम अधिक महत्त्वाचें वाटतें. केदारनाथ समुद्रसपाटीपासून साडेअकरा हजार फुटांहून उंच आहे. त्या वाटेवर दगडी धर्मशाळा व पाण्याचें कुंड बाईंनीं बांधविलें होतें. १८१८ सालीं तिकडे गेलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें तें पाहिलें, व तेथें बाईंचें नांव अजून आदरानें घेतात असें माल्कमास सांगितलें. ज्या मुलुखावर होळकरांची सत्ता नव्हती, जेथून त्यांना एक रुपयाचा वसूल मिळावयाचा नव्हता, आणि ज्या धर्मशाळेंत त्या स्वतः कधींहि मुक्काम करणार नव्हत्या, तेथें हें काम झालें. युरोपांत आल्प्स पर्वताच्या एका खिंडींत, आठ हजार फुटांवर, संत बर्नार्ड यांनीं अकराव्या शतकांत प्रवाशांसाठीं मठ स्थापिला. बर्फांत सांपडलेल्यांना शोधून आणणाऱ्या तेथल्या मोठ्या कुत्र्यांच्या गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांनीं इंग्रजी वाचनमालेंत वाचल्या असतील. डोंगराच्या माथ्यावर उघडें ठेवलेलें दार ही कल्पना दोन्ही ठिकाणीं एकच आहे. देश व धर्म भिन्न.

अलीकडील काळांत हीच विद्या एका अमेरिकन बाईंनीं वेगळ्या कारणासाठीं वापरली. मेरी कोल्टर (१८६९ ते १९५८) असें त्यांचें नांव. कोलोरॅडो नदीनें कोरलेल्या प्रचंड दरीच्या कडेवर प्रवाशांसाठीं त्यांनीं १९१४ सालीं दोन विसांव्याच्या इमारती बांधिल्या. त्या तेथल्याच ओबडधोबड दगडांच्या व इतक्या बसक्या आहेत कीं, दूरून पाहतांना कड्याचाच एक तुकडा सुटून बाजूला बसला आहे असें भासावें. कोल्टर बाईंची कला थोर खरीच. पण त्यांच्याकडे येणारा प्रवासी दरीची शोभा पाहावयास हौसेनें येत असे. जामच्या कमानीखालीं येणारा मनुष्य बहुधा दुसरी वाट नाहीं म्हणून येत असे. दोघांची योग्यता एकाच मापानें मोजूं नये. तरीहि निवड करावयाची झाली तर आमचें मन थकलेल्या हमालाच्या बाजूनें झुकतें.

या सर्व कामाला पैसा कोठून आला, हा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. होळकरांची दौलत वेगळी व खासगी वेगळी अशी व्यवस्था होती. धर्मकृत्यांचा खर्च बाई खासगींतून करीत. तथापि उत्तरेंत मोहिमेवर असलेले तुकोजी होळकर पैशाची चणचण सतत कळवीत, व त्यावरून दोघांमध्यें कटुता येत असे. त्याच सुमारास महादजी शिंदे यांनीं युरोपियन सेनापतीच्या हाताखालीं कवायती पलटणी तयार केल्या. १७९३ सालीं लाखेरीच्या लढाईंत शिंद्यांच्या या पलटणींपुढें होळकरांच्या फौजेचा मोड झाला. तेव्हां घाटांवर व देवळांवर घातलेला पैसा तोफांवर घातला असता तर बरें झालें नसतें काय, असें विचारणारे लोक त्या वेळीं होते व आजहि आहेत. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु लाखेरी येथें मराठेच मराठ्यांशीं लढले, हेंहि विसरूं नये. त्या फौजा दहा वर्षांनीं इंग्रजांपुढें उभ्या राहिल्या तेव्हां शिंद्यांच्या कवायती पलटणीहि टिकल्या नाहींत. हिशेब एका बाजूचा मांडून चालत नाहीं.

आणखी एक गोष्ट या हिशेबांत येत नाहीं. दगडाचा खर्च एकदांच होतो; माणसाचा खर्च रोजचा असतो. बाईंनीं धर्मशाळा बांधून कुलूप लावून ठेवल्या नाहींत. उन्हाळ्यांत रस्त्यांवर वाटसरूंना पाणी देण्यासाठीं माणसें नेमलेलीं असत. थंडी पडूं लागली म्हणजे गोरगरिबांना व चाकरांना गरम वस्त्रें मिळत. महेश्वराजवळच्या शेतांत दुपारीं नांगर थांबवून बाईंचीं माणसें औताच्या बैलांना पाणी पाजीत. पिकावरून पांखरांना शेतकरी हांकलून लावतात, म्हणून कांहीं उभीं शेतें विकत घेऊन तीं त्यांनीं पांखरांसाठीं मोकळीं सोडलीं होतीं. हें वाचून कोणी हंसेल. माल्कमनें ज्या ब्राह्मणाजवळ या उधळपट्टीविषयीं शंका काढली, त्यानें त्याला असें समजावून दिलें कीं, याच्या दुप्पट पैसा फौजेवर घातला असता तरी शेजारच्या राजांनीं बाईंच्या राज्याकडे वांकडी नजर करण्याचें जें टाळलें, तें टळलें नसतें. उत्तर चतुर आहे. पुरें पटण्यासारखें आहे कीं नाहीं, तें वाचकांनीं ठरवावें.

महेश्वरीं त्यांनीं विणकर आणून वसविले. तेथील साडीच्या कांठावर घाटाच्या लाटा व किल्ल्याच्या भिंतीवरील दगडी नक्षी विणलेली असते. आपल्याकडील लग्नकार्यांत महेश्वरी साडी दिसली तर तिचा कांठ मुलींनीं जरूर निरखून पाहावा.

१३ ऑगस्ट १७९५ रोजीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, अहिल्याबाई महेश्वर येथें वारल्या. दोन वर्षांनीं तुकोजीहि गेले आणि माळव्यांत भाऊबंदकी, पेंढारी व लढाया यांचा धुमाकूळ सुरू झाला. १८१८ सालीं मंदसोरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरास गेली व महेश्वर मागें पडलें. महूहून मंडलेश्वराकडे जाणारा रस्ता मात्र अजून जामच्या दरवाजाजवळूनच घाट उतरतो. पावसाळ्यांत विंध्याच्या कड्यावर ढग टेकतात तेव्हां इंदुरांतील माणसें तेथें मोटारींनीं हवा पाहावयास येतात. सर जोराची आली म्हणजे कमानीखालीं गर्दी करून उभीं राहतात, भिजलेले पदर व टोप्या पिळतात, आणि पाऊस ओसरला कीं खालच्या निमाडच्या वाटेला लागतात.